आपलं दुकान चालतं, इंग्रजीत ते पळतं: ‘रन’ हा शब्द शिकताना

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. यंत्रमागावरची दिवसपाळी संपवून येणारी पोरं असतात, नर्सिंगला जायचं ठरवलेल्या मुली असतात, नवी पेठेत कापडाच्या दुकानात काउंटरवर उभे राहणारेही असतात. पहिल्याच आठवड्यात बहुतेकांची तक्रार एकच असते: “मॅडम, शब्द पाठ आहेत, पण वाक्यात आले की अर्थ वेगळाच निघतो.” त्यांचं अगदी बरोबर आहे. ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ एकदा कळला की कळला. अडवतात ते तीन-चार अक्षरांचे, पहिलीच्या पुस्तकातले शब्द.

त्यांतला सर्वांत पसरलेला शब्द म्हणजे ‘रन’. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचं नव्याने संपादन करताना या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. पीटर गिलिव्हर या संपादकांचे त्यात नऊ महिने गेले. त्याआधीच्या, १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. हा आकडा ऐकून कुणी घाबरू नये. रोजच्या बोलण्यात, मुलाखतीत, दवाखान्यात आणि दुकानात लागणारे अर्थ वीस-पंचवीसच आहेत. ते कोणत्या क्रमाने शिकावेत, ते मी वर्गात जसं शिकवते तसंच इथे लिहिते आहे.

पायरी १: आधी आपलं ‘चालणे’ मांडून बघा

वही उघडा आणि ‘चालणे’ घेऊन सुचतील तेवढी मराठी वाक्यं लिहा. इंग्रजी अजून लांब ठेवा. पोरगं चालतं. माग चालतो. दुकान चालतं. सिनेमा तीन आठवडे चालला. पेन चालत नाही. त्याचं डोकं चालतं. मला तिखट चालत नाही. काय चाललंय? मी चालले. चालेल! पाच मिनिटांत पंधरा वाक्यं होतात. यातल्या किती वाक्यांत खरोखर पाय उचलून चालणं आहे? एका-दोनांत. तरी लहानपणापासून यातलं एकही वाक्य आपल्याला अवघड गेलं नाही, कारण आपण ते अर्थांची यादी म्हणून शिकलोच नव्हतो.

सोलापूरकरांना इथे एक जादा फायदा आहे. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं निम्मी तरी असतात, कन्नड बोलणारीही असतात. तेलुगूत ‘नडवडं’ म्हणजे चालणं आणि ‘नडपडं’ म्हणजे चालवणं. कन्नडात ‘नडे’ आणि ‘नडेसु’ ही तशीच जोडी. हिंदीत ‘चलना’ आणि ‘चलाना’. म्हणजे या गावात बोलल्या जाणाऱ्या चारही भाषांत दुकान चालतं, चालवलं जातं. इंग्रजीत मात्र ते पळतं: ‘द शॉप रन्स’. एवढा एक सांधा बदलला की पुढचं बरंच आपोआप जुळतं.

पायरी २: रूपं तोंडात बसवा

रन, रॅन, रन. आज ‘रन’, काल ‘रॅन’, आणि ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आलं की पुन्हा ‘रन’. ‘आय हॅव रॅन’ हे चूक आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या कानाला ते लगेच खटकतं. लिहिताना ‘रनिंग’मध्ये एन दोनदा येतो. यावर एका दिवसापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

पायरी ३: वाहणारा अर्थ

‘रन’चा अर्थ पळणे, असं शाळेत शिकवतात. पण जुन्या इंग्रजीपासून या शब्दात पळणं आणि वाहणं दोन्ही आहेत. जर्मन भाषेत त्याची दोन भावंडं आजही वेगवेगळी राहतात: ‘रेनेन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणं. इंग्रजीत ती एकाच शब्दात आली. म्हणून डोक्यात चित्र ठेवायचं ते शर्यतीतल्या माणसाचं नको. पाटातून सरकत जाणाऱ्या पाण्याचं ठेवा. सुटलेली, एका वाटेने जात राहणारी कुठलीही गोष्ट म्हणजे ‘रन’.

आता ही वाक्यं बघा. ‘द टॅप इज रनिंग’: नळ वाहतोय. ‘माय नोज इज रनिंग’: नाक गळतंय. ‘द भीमा रन्स थ्रू सोलापूर डिस्ट्रिक्ट’: भीमा जिल्ह्यातून वाहते. रस्ता वाहत नाही, पण तोही एका वाटेने जात राहतो, म्हणून ‘द हायवे रन्स फ्रॉम पुणे थ्रू सोलापूर टू हैदराबाद’. भिंतीवरून गेलेली वायर, चादरीच्या कडेने गेलेली पट्टी, यांनाही हाच शब्द: ‘अ रेड बॉर्डर रन्स अलाँग द एज’.

कापडाच्या धंद्यात असाल तर या पायरीवर जरा थांबा. ‘द कलर रन्स’ या वाक्यात तुमचं गिऱ्हाईक टिकण्याचा किंवा जाण्याचा प्रश्न असतो. मराठीत आपण ‘रंग जातो’ म्हणतो आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. धुऊन धुऊन टॉवेल फिका पडला, तर इंग्रजीत ‘द कलर फेड्स’. पहिल्याच धुण्यात रंग पाण्यात सुटून शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला, तर ‘द कलर रन्स’. परगावचं गिऱ्हाईक विचारतं, “डझ द कलर रन?” तेव्हा त्याला कापड किती वर्षं टिकेल हे विचारायचं नसतं, बाकीचे कपडे खराब होतील का एवढंच विचारायचं असतं. उत्तर नेमकं द्या: ‘नो, इट डझन्ट रन’ किंवा ‘इट मे रन अ लिटल इन द फर्स्ट वॉश, सो वॉश इट सेपरेटली’. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. अशा मालाबद्दल बोलताना शब्दही नेमका असावा, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ४: चालणे आणि चालवणे, दोन्हींना एकच शब्द

मराठीत माग ‘चालतो’ आणि माणूस तो ‘चालवतो’. क्रियापदाचं रूप बदलतं. इंग्रजीत बदलत नाही. ‘द लूम रन्स’ आणि ‘ही रन्स द लूम’. मग फरक ओळखायचा कसा? ‘रन’च्या पुढे काय आहे ते बघायचं. पुढे काहीच नसेल तर गोष्ट आपली आपण चालली आहे. पुढे एखादी वस्तू, धंदा किंवा संस्था असेल तर कुणीतरी ती चालवतंय. पुढे ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’ असा छोटा शब्द असेल तर थांबा, ते प्रकरण सहाव्या पायरीवर आहे. कुठलंही अनोळखी वाक्य आलं की आधी ‘रन’च्या उजवीकडे बघण्याची सवय लावून घ्या. अर्ध्याहून जास्त घोळ तिथेच सुटतो.

एक बारकावा आमच्या मुलांना फार लागतो. कारखान्यात कामाला असलेल्या वडिलांबद्दल मुलगा सांगतो, ‘माय फादर रन्स अ पॉवरलूम युनिट’. ऐकणारा समजतो की कारखाना वडिलांचाच आहे. पुढचा प्रश्न येतो, माग किती, कामगार किती, आणि मुलगा गोंधळून गप्प होतो. धंद्याबरोबर ‘रन’ आला की त्यात जबाबदारी आणि कारभार येतो. वडील कामाला असतील तर ‘ही वर्क्स इन अ पॉवरलूम युनिट’ म्हणा आणि ताठ मानेने म्हणा. आई विड्या वळत असेल तर ‘माय मदर रोल्स बीडीज ॲट होम’. आणि तीच आई चार बायकांचा बचत गट सांभाळत असेल तर ‘शी रन्स अ सेव्हिंग्ज ग्रुप’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, ते न विसरता सांगा.

या अर्थाचं सोलापुरी उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी शहरातून काढता पाय घेतला. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस गावाचा कारभार गावकऱ्यांनीच पाहिला. त्यानंतर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. इंग्रजीत ते एका ओळीत येतं: ‘फॉर थ्री डेज इन मे १९३०, द पीपल ऑफ सोलापूर रॅन देअर ओन सिटी’. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहून हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणा. ‘रन’ म्हणजे कारभार पाहणे, हा अर्थ पुन्हा पाठ करावा लागत नाही.

पायरी ५: गाडी, वेळ आणि तब्येत

स्टेशनवर तुम्ही ऐकलेलंच आहे, गाडी अमुक मिनिटं उशिराने ‘धावत आहे’. इथे मराठी आणि इंग्रजी एकाच वाटेने जातात: ‘द ट्रेन इज रनिंग ट्वेंटी मिनिट्स लेट’. रोज, आठवड्याला, रविवार सोडून, असं वेळापत्रक सांगतानाही हाच शब्द: ‘धिस बस डझन्ट रन ऑन संडेज’. माणसालाही तो लागतो. तुम्ही रिक्षात बसून असलात तरी ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणजे मला उशीर होतोय. पळत असायची गरज नाही. ठरावीक काळ चालणाऱ्या गोष्टींनाही तोच: ‘द फिल्म रॅन फॉर थ्री वीक्स’, ‘द गड्डा फेअर रन्स फॉर मेनी डेज इन जॅन्युअरी’.

नर्सिंगवाल्या मुलींनी दोन वाक्यं पक्की करावीत. ‘शी इज रनिंग अ फीवर’: तिला ताप आहे. यातला ‘अ’ गाळू नका. आणि ‘डायबेटीस रन्स इन हिज फॅमिली’: मधुमेह त्यांच्या घराण्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या उतरत येणारी गोष्ट म्हणजे पुन्हा तेच वाहणं. डॉक्टर विचारतात, ‘डझ इट रन इन द फॅमिली?’ आणि नातेवाइकाला प्रश्न समजला नाही तर चुकीचं उत्तर कागदावर जातं. म्हणून हे वाक्य मी परीक्षेसाठी नव्हे, तर जबाबदारी म्हणून शिकवते.

पायरी ६: पुढे लागणारे छोटे शब्द

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. ‘रन’च्या पुढे एक छोटा शब्द लागला की जोडीचा स्वतंत्र अर्थ होतो. एका दिवशी एकच जोडी घ्यायची.

पहिली जोडी ‘रन आउट’. उजनीचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात ही समजावून सांगायला उदाहरण शोधावं लागत नाही. संपणारी गोष्ट आधी आली तर सरळ वाक्य: ‘द वॉटर हॅज रन आउट’. माणूस आधी आला तर ‘ऑफ’ हवंच: ‘वी हॅव रन आउट ऑफ वॉटर’. ‘वी हॅव रन आउट वॉटर’ हे चूक. दुकानदाराला हे रोज लागतं: ‘सॉरी, वी हॅव रन आउट ऑफ पीनट चटणी’. अजून संपलं नाही, पण कमी पडतंय, तर ‘वी आर रनिंग शॉर्ट ऑफ’ किंवा ‘वी आर रनिंग लो ऑन’. टाकीत एक बादली उरलेली असताना ‘रन आउट’ म्हणू नका. क्रिकेटमधला रनआउट सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा संपण्याशी संबंध नाही. तो धाव घेताना बाद झालेला असतो.

दुसरी आणि तिसरी जोडी एकत्रच शिका: ‘रन इन्टू’ आणि ‘रन ओव्हर’. ‘आय रॅन इन्टू माय टीचर’ म्हणजे बाई अचानक भेटल्या. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली घेणं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने भर वर्गात ‘आय रॅन ओव्हर माय ओल्ड टीचर’ असं म्हटलं. सगळे हसले. ती पुढचा आठवडाभर एक शब्द बोलली नाही. ते हसणं मी वेळीच थांबवायला हवं होतं. तेव्हापासून या दोन जोड्या मी एकाच दिवशी, शेजारी शेजारी लिहून शिकवते आणि चुकीचं वाक्य मीच आधी म्हणून दाखवते. अडचणींनाही ‘रन इन्टू’ चालतं: ‘वी रॅन इन्टू अ प्रॉब्लेम’ म्हणजे मध्येच अडचण आली. गाडी खांबावर आदळली तरीही ‘द कार रॅन इन्टू अ पोल’. भेट की धडक, हे पुढच्या शब्दावरून कळतं.

ऑफिसात नोकरी करणार असाल तर ‘रन थ्रू’ आणि ‘रन बाय’ लागतील. ‘लेट्स रन थ्रू द लिस्ट’ म्हणजे यादीवरून एकदा भरभर नजर फिरवू. ‘लेट मी रन इट बाय माय फादर’ म्हणजे बाबांच्या कानावर घालते, त्यांचं मत घेते. पटकन होकार द्यायचा नसेल तेव्हा हे वाक्य फार उपयोगी पडतं. ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे, मराठीसारखंच. बॅटरी उतरली की ‘द बॅटरी हॅज रन डाउन’. बाकीच्या जोड्या वाचता वाचता भेटतील.

पायरी ७: नाम म्हणून

क्रिकेटचा रन सोडून देऊ. सुतार आणि कापडवाला ‘रनिंग फूट’, ‘रनिंग मीटर’ म्हणतात, म्हणजे रुंदी न मोजता फक्त लांबी मोजलेली. सुरू करण्याआधी एकदा चालवून बघणं म्हणजे ‘ट्रायल रन’. ‘इन द लाँग रन’ म्हणजे पुढे जाऊन, लांबचा विचार केला तर: ‘गुड यार्न इज चीपर इन द लाँग रन’, चांगलं सूत शेवटी स्वस्तच पडतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘रन ऑफ द मिल’. हा शब्दप्रयोग गिरणीतून आलेला आहे. माल यंत्रावरून उतरला, पण अजून तपासून त्याची प्रत लावलेली नाही, चांगला-वाईट वेगळा केलेला नाही, असा सरसकट माल म्हणजे ‘रन ऑफ द मिल’. त्यावरून आज त्याचा अर्थ झाला आहे सर्वसाधारण, विशेष काही नसलेलं. माझे आजोबा मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की घरचं घड्याळ लावायचं, हे मी आजीकडून ऐकलेलं आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं ज्या गावात पत्ता सांगण्यासाठीही वापरली गेली, तिथल्या मुलाला हा शब्दप्रयोग पुस्तकातून परका म्हणून शिकवायचा, हे मला पटत नाही. तो कापडाच्या कामातून भाषेत आलाय, आणि ते काम आपलं आहे. वापरताना एवढंच लक्षात ठेवा की आता त्यात किंचित कमीपणा आहे. स्वतःची ओळख करून देताना तो लावू नका. सिनेमा ठीकठाक होता म्हणायचं असेल तर खुशाल लावा.

पायरी ८: इथे ‘रन’ लावू नका

पहिल्या पायरीवरची वही परत काढा. त्यातली बरीच वाक्यं इंग्रजीत ‘रन’ला शिवतही नाहीत.

‘चालेल’ म्हणजे ‘इट विल रन’ नव्हे. दुरुस्त केलेल्या मोटारीबद्दल बोलत असाल तरच ते बरोबर. एरवी ‘दॅट्स फाइन’ किंवा ‘दॅट विल डू’. वेळ ठरवताना ‘फाइव्ह ओ’क्लॉक वर्क्स फॉर मी’. ‘मला साखर चालत नाही’ हे ‘आय कान्ट हॅव शुगर’. ‘पेन चालत नाही’ हे ‘द पेन डझन्ट वर्क’. ‘काय चाललंय?’ हे ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ आणि ‘मी चालले’ हे ‘आय ॲम लीव्हिंग’.

‘चालवणे’वर सर्वांत जास्त मुलं घसरतात. सायकल आणि बाइक ‘राइड’ करतात, रिक्षा आणि कार ‘ड्राइव्ह’ करतात. ‘आय रन अ रिक्षा’ म्हटलं तर रिक्षाचा धंदा आहे असं वाटेल. एस.टी. महामंडळ बस ‘रन’ करतं, ड्रायव्हर ती ‘ड्राइव्ह’ करतो.

पायरी ९: सात दिवसांचा सराव

रोज घरातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत दिसलेल्या तीन गोष्टींवर ‘रन’ची तीन वाक्यं लिहा. पुस्तकातली वाक्यं उतरवू नका. तुमचा नळ, तुमची गाडी, तुमच्या गल्लीतलं दुकान यांवर लिहा. शब्दकोश बघायचा तर शिकणाऱ्यांसाठी केलेला बघा, आणि अर्थाच्या आधी उदाहरणाचं वाक्य वाचा. सातव्या दिवशी एकवीस वाक्यं कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. घरी इंग्रजी कुणाला येत नसेल तरी चालतं, वाचून दाखवा.

मग ही सहा वाक्यं इंग्रजीत करा. उत्तरं खाली आहेत, आधी झाकून ठेवा.

एक: सिलिंडर संपलाय. दोन: सात रस्त्यावर जुनी मैत्रीण भेटली. तीन: या चादरीचा रंग दुसऱ्या कपड्याला लागतो का? चार: माझी मावशी खानावळ चालवते. पाच: माझा भाऊ रिक्षा चालवतो. सहा: उद्या आलात तरी चालेल.

एक, ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस’. दोन, ‘आय रॅन इन्टू ॲन ओल्ड फ्रेंड ॲट सात रस्ता’. तीन, ‘डझ द कलर ऑफ धिस चादर रन?’ चार, ‘माय आँट रन्स अ मेस’. पाचव्यात ‘रन’ नाही: ‘माय ब्रदर ड्राइव्ह्ज अ रिक्षा’. सहाव्यातही नाही: ‘टुमॉरो इज फाइन टू’.